साठा आणि प्रवाह

१९३८ हे साल माझ्या डोक्यातून गेली काही वर्षं हलत नाही. त्या वर्षी फेब्रुवारीत कुवेतच्या बुरगानमध्ये तेल लागलं. मार्चमध्ये सौदी अरेबियातल्या दम्मामच्या सात नंबरच्या विहिरीतून तेल उसळलं. आधीच्या विहिरींनी निराशा केली होती, कंपनीचा धीर सुटत आला होता, आणि जवळजवळ दीड किलोमीटर खाली गेल्यावर जमिनीने एकदम हात सैल सोडला. पुढच्याच वर्षी तेलाचं पहिलं जहाज रास तनुराहून निघालं. उंट, खजूर आणि मोती एवढ्यावर जगणाऱ्या त्या किनाऱ्याचं नशीब त्या एका विहिरीने पालटलं आणि आपल्या साऱ्यांचं जगणंही पालटलं.

त्याच वर्षी, ३० डिसेंबरला, वर्ध्यात गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचं उद्घाटन झालं. चरखे, घाण्या, चुली, हातकागद, मधाच्या पेट्या, कुंभाराची चाकं अशा खेड्यातल्या हातांच्या वस्तू तिथे मांडल्या होत्या. जगाच्या बातमीत या घटनेला जागा नव्हती. पण त्या इमारतीच्या आसपास, मगनवाडीत, एक माणूस असा होता की त्याला दम्मामच्या विहिरीचा अर्थ त्या वेळी कळत होता. तेलाच्या कंपन्यांना तो कळायला पुढची साठ-सत्तर वर्षं लागली.

हे पुस्तक त्या माणसापासून सुरू करायचं माझ्या मनात नव्हतं. विषय ठरला होता तो वेगळा: ज्या देशांच्या वाळूखाली तेलाचे समुद्र आहेत, ते देश आता सौर पॅनेलं का पसरत आहेत? माझा मामेभाऊ अबुधाबीकडे विजेच्या देखभालीच्या कामावर आहे. वर्ध्याच्या सेलू तालुक्यातल्या गावातून गेलेला मुलगा. तो फोनवर सांगायचा, मी वहीत टिपून ठेवायचो. शहरापासून दूर स्वैहान नावाच्या ठिकाणी नूर अबुधाबी हा प्रकल्प २०१९ साली सुरू झाला. ११७७ मेगावॉटची क्षमता, सुमारे आठ चौरस किलोमीटरवर बत्तीस लाख पॅनेलं. पॅनेलांवर साचणारी वाळू रोज झाडावी लागते, आणि ते काम पाण्याचा थेंबही न वापरता यंत्रं करतात. पाणी तिथे समुद्राचं गोडं करून आणावं लागतं, ते पॅनेलं धुण्यात घालवणं परवडणारं नाही. हे ऐकताना मला मे महिन्यातलं आमचं अंगण दिसत होतं. पंचेचाळीस अंशांचं ऊन, खाटेवर पसरलेल्या कुरडया आणि मुगवड्या, छपरावर वाळत घातलेली मिरची. उन्हाने आम्हाला त्या वाळवंटापेक्षा फारसं कमी दिलेलं नाही. मग प्रश्न उलटा झाला. तिकडे काय चाललंय हे कळायचं असेल तर आधी इथे काय झालं ते पाहायला हवं. असं करत मी मगनवाडीत पोचलो.

तो माणूस म्हणजे जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. मूळचे तंजावरचे. जन्म १८९२ चा. लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचं शिक्षण, मुंबईत व्यवसाय, पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र. १९२९ मध्ये गांधीजींशी भेट झाली आणि त्यांच्या आयुष्याने वळण घेतलं. गुजरातेतल्या मातर तालुक्याची घरोघर जाऊन केलेली आर्थिक पाहणी हे त्यांचं पहिलं मोठं काम. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेतल्या जागेत, म्हणजे मगनवाडीत, त्याचा कारभार सुरू झाला. १९२८ मध्ये वारलेल्या मगनलाल गांधींचं नाव त्या जागेला दिलं होतं. संघाचा गाडा ओढला तो कुमारप्पांनी.

कुमारप्पांची विचार करण्याची रीत हिशेबनिसाची होती, आणि मला वाटतं तेच त्यांचं बळ. हिशेबनिसाला भांडवल आणि उत्पन्न यांतला फरक कळतो. घरातलं धान्याचं कणगं रिकामं करत खाणं वेगळं आणि दरवर्षी शेतात पिकवून खाणं वेगळं. कुमारप्पांनी हाच फरक साऱ्या निसर्गाला लावला. कोळसा, खनिज तेल, लोखंड, तांबं हा ठरावीक साठा आहे, आज काढलं तेवढं उद्या कमी. नदीचं वाहतं पाणी, सूर्याचा प्रकाश, वारा, वाढीच्या मापाने तोडलेल्या जंगलातलं लाकूड, जनावराचं बळ हा प्रवाह आहे, तो येत राहतो. साठ्यावर उभी राहिलेली व्यवस्था टिकाऊ नसते, आणि एवढ्यावरच गोष्ट थांबत नाही. साठा थोडा आणि मागणारे अनेक, म्हणून साठ्याभोवती भांडण अटळ असतं. पेट्रोलियमच्या पाठीमागे युद्ध येतं, हे त्यांचं म्हणणं दुसऱ्या महायुद्धाच्या वणव्यात लिहिलेलं आहे. प्रवाहावर जगणाऱ्या समाजाला हिंसेची गरज कमी पडते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हे पुस्तक त्यांनी जबलपूरच्या तुरुंगात लिहिलं. १९४५ मध्ये गांधीजींनी त्याला छोटीशी प्रस्तावना लिहिली आणि तीत वाचकाला प्रामाणिकपणे सांगून टाकलं की हे पुस्तक सोपं नाही, पुरतं उमजायला दोन-तीनदा काळजीने वाचावं लागेल. मी ते चार वेळा वाचलं आहे. पहिल्या वेळी मधमाशीचे आणि वाघाचे दाखले वाचून मला ते पुस्तक नीतिकथेसारखं वाटलं होतं. निसर्गातला कोणता जीव ओरबाडून जगतो आणि कोणता दुसऱ्याला देऊन जगतो, अशा पायऱ्या त्यांनी लावल्या आहेत. चौथ्या वेळी, समोर आखाताची आकडेवारी पसरलेली असताना वाचलं, तेव्हा लक्षात आलं की यातलं साठ्याचं आणि प्रवाहाचं एक कलम हाताशी असलं की आजच्या ऊर्जेच्या कुठल्याही प्रकल्पाचा ताळेबंद मांडता येतो.

विचार नुसता कागदावर राहिला नाही, म्हणून वर्ध्याचं नाव या गोष्टीत यायलाच हवं. मगनवाडीत एक दिवा तयार झाला, मगन दीप. त्या काळी खेड्यात कंदील जळायचा तो रॉकेलवर. आमच्याकडची जुनी माणसं रॉकेलला मातीचं तेल म्हणतात, आणि हा शब्द मला फार नेमका वाटतो. ते तेल मातीतून, पण कुठल्या तरी दूरच्या मातीतून यायचं, आणि गावचा पैसा त्या वाटेने बाहेर जायचा. मगन दीप वनस्पतींच्या तेलावर कंदिलासारखा उजेड द्यावा अशा बेताने घडवला होता. वनस्पतीचं तेल वातीतून चढायला जड असतं, त्याचा उजेड मंद पडतो, काजळी धरते. या अडचणींवर मार्ग काढत तो घडवावा लागला. सोबत बैलाच्या घाणीवर काम चाललं होतं. 'वर्धा घाणी' या नावाने सुधारलेली घाणी पुढे देशभर गेली. दोन्ही एकत्र पाहिलं तर चित्र पूर्ण होतं: गावच्या शेतातली तेलबी, गावच्या तेल्याची घाणी, गावच्या लोहाराला दुरुस्त करता येईल असा दिवा. उजेडाबरोबर तीन घरांची चूलही पेटत होती.

मगन दीप टिकला नाही. रॉकेल स्वस्त झालं, मग वीज आली. या गोष्टीकडे भाबडेपणाने पाहायचं मला नको आहे. ज्या बाईने धुरकट उजेडात पंधरा वर्षं भाकरी थापल्या, तिने विजेच्या बल्बचं स्वागत केलं तर ती चुकली नाही. मगन चूल नावाच्या सुधारित चुलीचा हेतूही तोच होता, बाईच्या डोळ्यांतला धूर कमी करण्याचा. पण मगन दीप विझताना त्याने विचारलेला प्रश्न कुणी उत्तर देऊन मिटवला नाही, तो तसाच राहिला. उजेड कुठून येतो, आणि त्याच्या बदल्यात गावातून काय बाहेर जातं?

आता पुन्हा वाळवंटाकडे जाऊ. आखातातले राज्यकर्ते काही कुमारप्पा वाचून सूर्याकडे वळलेले नाहीत. उन्हाळ्यात साऱ्या इमारती थंड ठेवायला आणि समुद्राचं पाणी गोडं करायला तिथे अफाट वीज लागते. ती वीज स्वतःचं तेल आणि वायू जाळून करायची म्हणजे बाहेर विकता येणारा माल घरच्या चुलीत घालणं. सूर्याची वीज स्वस्त झाल्यावर हिशेब उघड होता: घरात ऊन वापरा, तेल विका. अबुधाबीने २००६ मध्ये मसदर ही कंपनी काढली. अरबीत मसदर म्हणजे उगम, स्रोत. आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्था २००९ मध्ये स्थापन झाली आणि तिचं मुख्यालय अबुधाबीत आलं. सौदी अरेबियाने २०३० पर्यंत निम्म्या विजेचं उद्दिष्ट अक्षय स्रोतांवर ठेवलं आहे. २०२३ ची हवामान परिषदही दुबईतच भरली. यातला काहीही भाग मी खोटा मानत नाही. जिथे डिझेलची जनित्रं घरघरत होती तिथे आज शांत पॅनेलं आहेत, हे चांगलंच आहे.

तरी एक उदाहरण असं आहे की त्याने मला कित्येक दिवस झोप लागू दिली नाही. ओमानमध्ये अमल नावाच्या तेलक्षेत्रात 'मिराह' हा प्रकल्प आहे. मिराह म्हणजे आरसा. २०१५ साली तो जाहीर झाला. काचेच्या मोठमोठ्या घरांत, वाळूपासून झाकून, वळणदार आरसे टांगले आहेत. ते सूर्यकिरण एकवटून पाण्याची वाफ करतात. आणि ती वाफ जाते कुठे? जमिनीखालच्या जड, चिकट तेलात. वाफेने तेल पातळ होतं आणि वर काढता येतं. आधी या वाफेसाठी नैसर्गिक वायू जाळावा लागायचा, तो वाचला. तांत्रिकदृष्ट्या हे सुंदर काम आहे. पण कुमारप्पांच्या वहीत हे कुठल्या बाजूला लिहायचं? इथे प्रवाहाला साठा उपसण्याच्या कामाला जुंपलं आहे. तेव्हा मला पहिल्यांदा स्पष्ट दिसलं की ऊर्जा अक्षय आहे एवढं म्हटल्याने काहीच ठरत नाही. ती कशासाठी वापरली जाते आणि तिच्यावर ताबा कुणाचा, या दोन गोष्टी पाहिल्याशिवाय साठा आणि प्रवाह यांतला फरक कळत नाही. या पुस्तकात मला सांगायचं आहे ते एवढंच आहे. बाकी सगळे पुरावे आणि तपशील.

आणि हे म्हणताना बोट फक्त तिकडे दाखवून चालणार नाही. देशातल्या एका मोठ्या कोळसाक्षेत्राला वर्धा खोऱ्याचं नाव आहे. त्याच्या खाणी मुख्यतः चंद्रपूर आणि यवतमाळकडे, पण नाव आपल्या नदीचं. छत्तीसगडच्या कोळशाची वीज रायपूरकडून ७६५ किलोव्होल्टच्या तारांनी वर्ध्याच्या उपकेंद्रात येते आणि तिथून पश्चिमेच्या कारखान्यांकडे जाते. सेवाग्रामला एसटीने जाताना शेतांत उभे मनोरे दिसतात, त्यांच्या तारांचा पावसाळी हवेत बारीक करकराट ऐकू येतो. त्या तारांखाली पऱ्हाटीत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला मात्र कित्येक वर्षं ओलितासाठी रात्रीची लाइन मिळत आली आहे.

लाइन हा आमच्याकडचा विजेचा शब्द. लाइन आली, लाइन गेली. कृषिपंपांना काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज अशी पाळी असते. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं ते नेमकं थंडीत. रात्री अकराला लाइन येते तेव्हा घोंगडी पांघरून, हातात बॅटरी आणि काठी घेऊन माणूस शेतात जातो. पायाखाली साप असू शकतो. रानडुकरं आणि रोही पीक खायला आलेले असतात, म्हणून जागल अशीही होतेच. सेलू, कारंजा, आर्वी या भागांत बोरचं जंगल जवळ आहे. २०१४ मध्ये तिथे व्याघ्र प्रकल्प झाला. जंगलाच्या कडेला ज्यांची शेतं आहेत त्यांना वाघ बातमीत भेटत नाही, बांधावर भेटतो. माझ्या मामाने दहा-बारा हिवाळे असे काढले. एका रात्री दंडाजवळ बसून पाण्याची वाट पाहत असताना पलीकडच्या तुरीत काहीतरी हललं, आणि तो विहिरीवरच्या लाकडी माचीवर चढला तो सकाळपर्यंत उतरला नाही. ही गोष्ट तो आता हसत सांगतो. मामी हसत नाही.

म्हणून सौरपंपाबद्दल मी जे लिहिलं आहे ते नुसत्या किलोवॉटच्या भाषेत लिहिलेलं नाही. दिवसा पाणी देता येणं म्हणजे रात्री घरी झोपता येणं. ऊर्जेच्या चर्चेत या सुखाला रकाना नसतो. राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के भरायचे असतात. अडीच एकरापर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरापर्यंत पाच, त्यावर साडेसात. पॅनेलं रानात उभी राहतात आणि नऊच्या सुमारास पंप गुरगुरू लागतो. धार आधी बारीक, दुपारी जाड, चारनंतर पुन्हा बारीक. विहिरीच्या कडेला बसून हे पाहणाऱ्याला सूर्य किती वर आला हे पाण्याच्या जाडीवरून सांगता येतं.

पण इथेही हिशेब संपत नाही. ऊन फुकट आहे, म्हणून विहिरीचं पाणीही फुकट वाटू लागतं. विजेची पाळी संपली की पंप बंद व्हायचा, तेवढी विश्रांती भूजलाला मिळायची. आता रोज आठ-दहा तास धार चालू शकते. प्रवाह वापरून आपण जमिनीखालचा पाण्याचा साठा उपसत आहोत का, हे विचारायला हवं. ओमानच्या आरशांना विचारलं तोच हा प्रश्न, फक्त तेलाच्या जागी पाणी आहे. शिवाय पावसाळ्याचे चार महिने ती पॅनेलं नुसती उभी असतात. त्यांची वीज गावच्या पिठाच्या गिरणीला, सरकी काढायच्या यंत्राला, शाळेला मिळावी अशी सोय बहुतेक ठिकाणी नाही. पंप शेतकऱ्याच्या मालकीचा झाला, पण त्यातल्या विजेचा गाव अजून मालक झालेला नाही.

दुसरी वाट आहे सौर कृषिवाहिनीची. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना आली, तिच्या पहिल्या प्रयोगांसाठी नगर जिल्ह्यातलं राळेगणसिद्धी आणि शेजारच्या यवतमाळातलं कोळंबी अशी दोन गावं निवडली गेली. इथे एकेका शेतकऱ्याच्या रानात पॅनेलं नसतात. उपकेंद्राजवळ छोटं सौर केंद्र उभं राहतं आणि त्या भागातल्या साऱ्या पंपांना दिवसा वीज मिळते. २०२३ नंतरच्या दुसऱ्या टप्प्यात खासगी जमीन भाड्याने द्यायची तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, म्हणजे एकरी पन्नास हजार. कोरडवाहू कापूस करणाऱ्याला हा आकडा काय वाटतो ते मी वेगळं सांगायला नको. बोंडअळीने आणि परतीच्या पावसाने मोडलेल्या माणसाला ही रक्कम स्वप्नासारखी वाटते, आणि त्याने जमीन दिली तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

मला काळजी वाटते ती गायरानांची. योजनेसाठी सरकारी जमीन शोधली जाते तेव्हा नजर गायरानावर पडते, कारण कागदावर ती पडीक दिसते. गावात ती पडीक नसते. वर्धा जिल्ह्याचा गवळाऊ हा पांढरा, चपळ गोवंश आर्वी-कारंजा भागातला. त्याच्या संगोपनासाठी हेटीकुंडीला सरकारी केंद्र आहे. नंद गवळी समाजाने पिढ्यान् पिढ्या तो चराईवर जपला. गायरान झाकलं गेलं की आधी गाय जाते, मग शेण जातं, मग खत जातं. सूर्याचा एक प्रवाह पकडताना दुसरा, त्याहून जुना, गवताचा आणि जनावराचा प्रवाह तुटत असेल तर गावाने दोन्ही तराजूत टाकून पाहिले पाहिजेत. तो निर्णय ग्रामसभेने पुरती माहिती हाती घेऊन घ्यावा. पाटी लावून झाल्यावर सह्या गोळा करण्याला मी ग्रामसभेचा निर्णय मानत नाही.

शेणाचा विषय निघालाच आहे तर आजीच्या घराची आठवण सांगतो. तिच्या परसात गोबर गॅसची टाकी होती, वर लोखंडी टोपण असलेली. गॅस भरला की टोपण वर यायचं, स्वयंपाक होत गेला की खाली बसायचं. आम्ही पोरं त्याच्या उंचीवरून आज पुरणपोळी होणार की नाही याचा अंदाज घ्यायचो. थंडीत गॅस कमी व्हायचा, कारण गारठ्यात टाकीतले जीवाणू मंदावतात, आणि आजी सकाळी शेणकाल्यात कोमट पाणी घालायची. पुढे टोपण गंजलं, चार गायींची एक झाली, दारात सिलिंडर आला. या तंत्राचा इतिहास महाराष्ट्रात किती जुना आहे हे मला फार उशिरा कळलं. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ मध्येच मैल्यापासून वायू तयार करून त्यावर दिवे लावले होते. १९५० च्या दशकात जशभाई पटेलांनी 'ग्रामलक्ष्मी' संयंत्र केलं आणि पुढे खादी आयोगाने ते देशभर नेलं. वर्ध्यात देवेंद्रकुमारांनी १९७६ मध्ये ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र काढलं. दत्तपूरच्या त्या परिसराला कुमारप्पापुरम् असं नाव आहे. आजीच्या टाकीचं टोपण गंजलं ती अडचण तिथल्या माणसांना चांगली ठाऊक होती, आणि लोखंडाऐवजी दुसरं काही वापरता येईल का यावर तिथे काम झालं.

मगनवाडीतली परंपराही तुटलेली नाही. १९५५ मध्ये तिथे जमनालाल बजाज केंद्रीय संशोधन संस्था सुरू झाली, तिचंच पुढे आयआयटी दिल्लीच्या मदतीने महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थान झालं. तिथे सौर चरख्यावर काम झालं, आणि त्या चरख्याने एक मोलाचा वाद उभा केला. कायद्याने खादी म्हणजे हाताने कातलेलं, हाताने विणलेलं कापड. सूर्याच्या विजेवर फिरणारा चरखा अनेक चात्या एकदम फिरवतो, कातणारीची मजुरी वाढते, खांदा दुखत नाही. पण सूत हाताने कातलेलं राहिलं का? जुने खादीवाले म्हणतात, नाही. कातणाऱ्या बायांपैकी काही म्हणतात, आमचा दिवसाचा मेहनताना पाहा आणि मग बोला. मी दोन्हीकडे बसून ऐकलं आहे आणि पुस्तकात दोन्ही बाजू पूर्ण दिल्या आहेत. माझा स्वतःचा कल कातणारीकडे आहे. अट एकच: चरखा आणि पॅनेल तिच्या मालकीची हवीत.

मालकीची ही अट हवेतली नाही, याचा पुरावा देवळी तालुक्यात आहे. कवठा झोपडी या गावी बचत गटांच्या बायांनी एकत्र येऊन, आयआयटी मुंबईकडून शिकून, सौर पॅनेल जोडण्याचा कारखाना उभा केला. शेतमजुरीला जाणारे हात काचेच्या पट्टीवर सिलिकॉनच्या पातळ चकत्या ओळीने मांडू लागले, त्यांना तांब्याच्या पट्ट्यांनी डाग देऊ लागले. त्या कारखान्याला बाजाराशी झगडावं लागतं, मोठ्या कारखान्यांच्या स्वस्त पॅनेलांशी बरोबरी करावी लागते. त्या लढाईचं प्रकरण या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण झालं आहे, आणि संपादकांनी ते छाटायला सांगितलं तेव्हा मी नकार दिला. नूर अबुधाबीच्या बत्तीस लाख पॅनेलांमध्ये मला असं एकही पॅनेल माहीत नाही की जे जोडणाऱ्या बाईचं त्यात भागभांडवल आहे.

एक गोष्ट मात्र कुमारप्पांच्या मांडणीत मला वाढवावी लागली. ऊन हा प्रवाह खरा, पण ते पकडणारं पॅनेल साठ्यातून येतं. काच, ॲल्युमिनियम, चांदी, शुद्ध केलेलं सिलिकॉन, विजेची साठवण करायची तर लिथियम. हे सगळं कुठल्या तरी जमिनीतून उकरलेलं असतं. पंचवीस वर्षांनी ते पॅनेल थकतं आणि त्याचं काय करायचं हे आज फार थोडे लोक विचारतात. मगन दीप मोडला तर लोहार दुरुस्त करत असे. मोडलेलं पॅनेल दुरुस्त करणारा माणूस वर्ध्यात घडवायचा, की ते ट्रकमध्ये घालून कुठे तरी पाठवायचं? कवठ्याच्या बायांना हा प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा एकमेकींकडे पाहिलं आणि मग त्यातली एक म्हणाली की जोडता येतं तर उकलताही आलं पाहिजे, शिकवा आम्हाला. तिचं नाव तिच्याच इच्छेने मी पुस्तकात दिलेलं नाही.

कुमारप्पा वर्ध्याजवळ सेलडोहला पन्नई आश्रमात काही काळ राहिले, शेतीचे प्रयोग केले, मग तब्येतीने हार खाल्ल्यावर दक्षिणेला गेले. ३० जानेवारी १९६० ला ते वारले. त्याच तारखेला, बारा वर्षांपूर्वी, गांधीजी गेले होते. सेलडोह माझ्या मामाच्या गावापासून लांब नाही. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण लिहून झालं तेव्हा गेल्या हिवाळ्यात मी मामाकडे गेलो होतो. सौरपंप बसून वर्ष झालं होतं. सकाळी आम्ही बांधावर चहा पीत बसलो होतो, धुकं विरत होतं, पॅनेलांवर दव होतं. मामीने पदराने एक पॅनेल पुसलं. नवाच्या आसपास ऊन त्या काचेवर चढलं, पंपाने दोनदा घसा खाकरला, आणि पाइपातून पाण्याचा पहिला चुळका दंडात पडला. मामा फावडं उचलत, सवयीने, घराकडे तोंड करून ओरडला, "लाइन आली!"